एका चुलीवरच्या दोन मजुऱ्या

अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून मजुरी घेणारा माणूस बहुधा एकटाच भेटतो. त्याची मजुरी किती, ती दिवसाची कीं मापाची, ती कशी वाढली व कशी घटली, याची चर्चा पुष्कळ असते. पण संध्याकाळीं ती मजुरी घेऊन तो ज्या घरीं परततो, तेथें दुसरी एक मजुरी कमरेला खोंचून त्याची बायको आधींच चुलीपुढें बसलेली असते, याची दखल क्वचितच घेतली जाते. दोन माणसांच्या मिळकतींतील अंतर मोजणें वेगळें आणि दोन घरांच्या मिळकतींतील अंतर मोजणें वेगळें. पहिलें अंतर तसेंच राहून दुसरें वाढूं शकतें, किंवा घटूंहि शकतें. कोणत्या मिळकतीच्या पुरुषाशीं कोणत्या मिळकतीच्या स्त्रीचा संसार आहे, आणि त्या दोघांना वेतन कोणत्या रीतीनें मिळतें, यावर तें अवलंबून असतें.

एक हिशेब मांडून पाहूं. आंकडे कल्पनेचे आहेत. एका गांवांत दोन पुरुष आहेत. एकाची प्राप्ति ४० रुपये, दुसऱ्याची १०. दोन स्त्रिया आहेत. एकीची प्राप्ति ३० रुपये, दुसरीची ८. चाळीसवाल्याच्या घरीं तिसाची स्त्री असेल तर एका घरांत ७० रुपये येतात व दुसऱ्यांत १८. म्हणजे जवळजवळ चौपटीचें अंतर. त्याच चौघांच्या जोड्या उलट जुळल्या असत्या, तर एका घरांत ४८ व दुसऱ्यांत ४० रुपये आले असते, आणि दोन्ही घरचीं मुलें एकाच शाळेंत गेलीं असतीं. कोणाचेंहि वेतन एका पैनें बदललेलें नाहीं. आतां तिसरी स्थिति घ्या. चाळीसवाल्याची बायको घराबाहेर कामाला जातच नाहीं, गरिबाची मात्र जाते. तर ४० विरुद्ध १८, म्हणजे सव्वादोनपट. येथें गरीब स्त्रीच्या आठ रुपयांनीं चौपटीचें अंतर सव्वादोनपटीवर आणलें. हा तिसरा हिशेब आपल्या गांवगाड्याचा जुना हिशेब होता, आणि पहिला हिशेब आजचा आहे. एकापासून दुसऱ्यापर्यंत समाज कसा आला, हें पाहण्यासाठीं आम्ही मराठवाड्याच्या एका कोपऱ्यांतला तालुका घेतों.

हिमायतनगर हें नांव निजामी अमदानीचें. गांवाचें जुनें नांव वाढोणा. नांदेड जिल्ह्यांत मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर तें वसलें आहे, आणि परमेश्वराच्या देवळामुळें पंचक्रोशीला परिचित आहे. उत्तरेकडे पैनगंगा वाहते, पलीकडे विदर्भाचा उमरखेड तालुका लागतो. पूर्वीं हा भाग हदगांव तालुक्यांत मोडत असे. जमीन काळी, पिकें कापूस आणि ज्वारी, आणि अलीकडच्या काळांत सोयाबीन. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत.

संस्थानी काळच्या अशा गांवांत वेतनाच्या रीती अनेक होत्या. बलुतेदारांचें वेतन घराला मिळे. परीटीण नवऱ्याच्या बरोबरीनें धुणें धुवी, कुंभारीण माती मळी, मांगीण बाळंतपणें करी. पण सुगीला खळ्यावर जें धान्य पदरीं पडे तें घराच्या नांवानें पडे, आणि त्यांत बायकोच्या हातांचा भाग किती हें कोणी विचारीत नसे. ही सारी व्यवस्था १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्र्यांच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत ज्यांनीं वाचली आहे, त्यांना तिचें वर्णन येथें पुन्हां करण्याचें कारण नाहीं. आमचें लक्ष आहे तें सालगड्याच्या घराकडे.

सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मालकाला बांधलेला असे. त्याचें साल ज्वारींत आणि थोड्या रोख रकमेंत ठरे, आणि एकदां ठरलें म्हणजे पाऊस पडो वा न पडो, तें बदलत नसे. त्याची बायको निंदणीला व काढणीला रोजानें जाई. कापूस फुटला कीं वेचणीला जाई, आणि वेचणीची मजुरी वजनावर मिळे. म्हणजे एकाच झोंपडींत एक वेतन वर्षाचें, एक दिवसाचें आणि एक मापाचें, अशा तीन रीती नांदत. पाऊस हुकला तर बायकोचा रोज बुडे, पण नवऱ्याच्या सालाची ज्वारी येत राही. कापूस भरघोस आला तर नवऱ्याला मूठभर दाणाहि अधिक मिळत नसे, पण बायकोच्या ओट्यांतलें वजन वाढे. हें चित्र रंगवून सांगण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. सालाची बांधणी कित्येक घरीं कर्जाची बांधणी होती, आणि संस्थानांत भगेला म्हणून जो वर्ग होता त्याच्या करारांवर मर्यादा घालण्यासाठीं हैदराबाद सरकारला १९३६ सालीं कायदा करावा लागला होता. सांगावयाचें इतकेंच कीं त्या दरिद्री घराच्या दोन दोऱ्या एकाच खुंट्याला बांधलेल्या नसत.

त्याच गांवांतल्या मोठ्या वाड्याकडे पाहिलें तर तेथें मिळकत एकाच बाजूनें येई. देशमुख, देशपांडे वा मातबर पाटील यांच्या घरची स्त्री उंबऱ्याबाहेर मोलानें काम करणें ही कल्पनाच त्या काळाला असह्य होती. घरांत ती राबे, पण पैसा म्हणून तिच्या नांवानें कांहीं येत नसे. ह्या रीतीनें स्त्रीची केवढी हानि झाली हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु हिशेबाच्या वहींत तिचा एक विलक्षण परिणाम दिसे. वरच्या घरांत एक मिळकत, खालच्या घरांत दोन. त्यामुळें स्त्रियांची मजुरी एकंदरींत घराघरांतील अंतर थोडें भरून काढी. हें केवळ आपल्याकडे होतें असेंहि नाहीं. पॉल डग्लस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९३४ सालीं मजुरीविषयींच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं जेथें नवऱ्यांची प्राप्ति जास्त तेथें बायकांनीं मोलाच्या कामास जाण्याचें प्रमाण कमी. वाढोण्याच्या वाड्यांतली सोवळी रीत आणि शिकागोच्या मध्यमवर्गाची प्रतिष्ठा यांचा उगम भिन्न, पण वहींतली बाकी एकच निघे.

सरकारी गणतीलाहि हें दुसरें वेतन नीट दिसत नसे. १९५१ च्या खानेसुमारींत माणसांचे तीन वर्ग केले होते: स्वावलंबी, कमावते आश्रित आणि न कमावते आश्रित. वेचणीला जाणारी, निंदणीला जाणारी, आठवडाभर स्वतःच्या कमाईवर घर चालविणारी बायको यांतल्या मधल्या वर्गांत जाऊन बसे. कमावते, पण आश्रित! शब्दांची ही जोडणी ज्यानें केली त्याच्या मनांत कांहीं वाईट नसेल. तरी एका चुलीवरच्या दोन मजुऱ्यांकडे शासन कोणत्या डोळ्यांनीं पाहत होतें, हें त्या दोन शब्दांत पुरेपूर उतरलें आहे.

वेगवेगळ्या रीतीच्या दोन मिळकतींचा आधार किती मोठा असतो, याचा पुरावा मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासांतहि आहे. १९२८ सालचा गिरणी कामगारांचा संप एप्रिलापासून ऑक्टोबरापर्यंत चालला. त्या सहा महिन्यांत कोंकणांतल्या आणि घाटावरच्या ज्या कामगारांची बायको गांवीं शेत राखून होती, त्याला निदान परतावयास घर व खावयास भात किंवा भाकर होती. उलट ज्या जोडप्यांतला नवरा मागावर व बायको बॉबिन भरण्याच्या खात्यांत, अशांच्या दोन्ही मजुऱ्या एकाच सकाळीं थांबल्या. गिरणींतल्या स्त्रिया व पुरुष यांच्या मजुरींतील तफावतीबद्दल बरेंच लिहिलें गेलें आहे. दोन्ही मजुऱ्या एकाच भोंग्यावर अवलंबून असण्याबद्दल मात्र फारसें लिहिलेलें आढळत नाहीं.

मराठवाड्यांत जुनी घडी खरी मोडली ती १९७२ च्या दुष्काळानें. खरिपानें दगा दिला, रब्बी पेरलीच गेली नाहीं, विहिरी आटल्या, आणि सालगडी ठेवणारा मालकच खडी फोडण्याच्या कामावर येऊन उभा राहिला. १९७३ च्या उन्हाळ्यांत सबंध महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारें ५० लक्षांवर गेली होती. त्या कामांवर एक नवी गोष्ट घडली. नवरा आणि बायको एकाच हजेरीपटावर आले. तो खोदी, ती पाटी उचली. मातीचें माप एकच निघे आणि दर दोघांनाहि सारखा मिळे. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिला दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेचें रूप आलें. तिचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पुरुषाला एक व स्त्रीला त्याहून कमी हा शेतांतला जुना रिवाज निदान ह्या कामांवर उरला नाहीं. शिवाय हमी प्रत्येक प्रौढ माणसाला होती. घरांतून एकानेंच यावें असा निर्बंध नव्हता. पुढें २००५ च्या केंद्रीय कायद्यानें जेव्हां वर्षाला १०० दिवसांची हमी घातली, तेव्हां ती कुटुंबाला घातली. नवऱ्यानें साठ दिवस घेतले तर बायकोला चाळीस उरले. दोन कायद्यांतील हा फरक वकिलांच्या नजरेला किरकोळ वाटेल. ज्या घरांत दोन्ही माणसें याच कामाकडे डोळे लावून बसलेलीं, त्या घराला तो किरकोळ नव्हता.

हमी योजनेचा पैसा कोठून आला हेंहि येथें सांगितलें पाहिजे, कारण दुसऱ्या प्रकारचें जोडपें त्या मार्गानेंच या इतिहासांत शिरतें. १९७५ सालीं महाराष्ट्रानें व्यवसाय कर बसविला. पगारदार माणसाच्या पगारांतून तो दरमहा कापला जाई, आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच आणखी रक्कम राज्य सरकार घाली. शहरांतल्या व तालुक्याच्या गांवांतल्या पगारानें खेड्यांतल्या खोदकामाची मजुरी भागवावी, अशी ही योजना होती. त्या वेळीं हिमायतनगरसारख्या गांवांत पगारदार घर म्हणजे बहुधा एका पगाराचें घर. गुरुजी, तलाठी, टपालमास्तर, स्टेशनमास्तर, बायका घरींच.

ही स्थिति पुढच्या दोन पिढ्यांत पार पालटली. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेडोपाडीं प्राथमिक शाळा पसरल्या. मुली शिकूं लागल्या, अध्यापक विद्यालयांत जाऊं लागल्या. १९९४ सालीं महाराष्ट्रानें महिला धोरण जाहीर केलें, आणि सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठीं शेंकडा ३० जागा राखण्याचें तत्त्व रूढ झालें. स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासांत हें पाऊल मानाचें आहे, याबद्दल आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. पण त्याबरोबर सोयरिकीच्या बाजारांतहि एक मोठी उलथापालथ झाली, आणि तिची चर्चा लग्नमंडपाबाहेर फारशी झाली नाहीं. पूर्वीं नोकरीवाला मुलगा शोधीत. आतां नोकरीवाली मुलगीहि शोधूं लागले. शिक्षकाला शिक्षिका, ग्रामसेवकाला परिचारिका, प्राध्यापकाला प्राध्यापिका. जात तीच, जिल्हा तोच, आणि त्यांत भर म्हणून वेतनश्रेणीहि तीच. नोकरीच्या ठिकाणीं झालेल्या ओळखींतून जीं लग्नें जुळलीं तींहि बहुशः ह्याच वर्तुळांत जुळलीं.

सरकारी नियमांनींहि ह्या जोडीला हातभार लावला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांविषयीं फेब्रुवारी २०१७ मध्यें जो शासननिर्णय निघाला, त्यांत ३० किलोमीटरांहून दूर नेमणूक असलेल्या नवराबायकोला जवळ आणण्यासाठीं स्वतंत्र संवर्ग केला होता. ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हे दोन शब्द त्यामुळें शिक्षकांच्या घरोघरीं परवलीचे झाले. नियम माणुसकीचा आहे. लेंकराला घेऊन बायको किनवटला आणि नवरा देगलूरला, असा संसार कोणाच्या वाट्याला येऊं नये. परंतु विचार करा: सातव्या वेतन आयोगाप्रमाणें नियमित प्राथमिक शिक्षकाचें मूळ वेतन आरंभींच महिना २९,२०० रुपये. दोघें शिक्षक असतील तर महागाई भत्ता धरण्यापूर्वींच ५८,४०० रुपये एका घरांत येतात. महागाई भत्ता वाढला तर दोघांचा एकाच दिवशीं वाढतो. नवा आयोग आला तर दोघांच्या वेतनाची फेररचना एकाच तारखेपासून होते. नोकरीच्या पायरीवरचा कष्टाचा काळ आहेच. २००० सालापासून शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षें मानधनावर काढावीं लागूं लागलीं, तें मानधन आरंभीं ३,००० रुपये होतें आणि २०२३ पासून १६,००० झालें. पण तो जिना चढून गेल्यावर दोन्ही पगार एकाच ठरीव चालीनें वर जातात.

आतां त्याच रस्त्यानें दिवाळीच्या सुमारास निघणारें दुसरें जोडपें पाहूं. ऊसतोडीच्या कामाचें नांव निघालें कीं बीड जिल्हा डोळ्यांपुढें येतो, आणि तें खरेंच आहे; पण नांदेड जिल्ह्यांतल्या कंधार-मुखेडच्या बाजूनें आणि बंजारा तांड्यांतूनहि हीं माणसें पिढ्यान् पिढ्या साखर कारखान्यांकडे जात आलीं आहेत. ह्या धंद्यांत मजूर एकटा नेमला जात नाहीं. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. माणूस एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्याला मिळते, टनाचा दर कोयत्याला मिळतो, खाडा पडला तर दंड कोयत्यावर बसतो. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडींत भरते, आणि त्यानंतर कोपींत जाऊन भाकरी थापते. शिक्षक-शिक्षिकेच्या घराप्रमाणेंच येथेंहि दोघांचें वेतन एकाच रीतीचें आहे, किंबहुना अधिकच एकरूप आहे, कारण येथें दोन वेतनांचें एकच वेतन होऊन गेलें आहे. फरक असा कीं शिक्षिकेचा पगार तिच्या स्वतःच्या खात्यांत जमा होतो, आणि कोयत्याचा हिशेब मुकादमाच्या वहींत बहुधा नवऱ्याच्या नांवावर लिहिलेला असतो. खळ्यावरचें जुनें बलुतें जसें घराच्या नांवानें मिळे, तसेंच हें.

दर वाढत नाहींत असें नाहीं. साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यांत कांहीं वर्षांच्या अंतरानें करार होतात; जानेवारी २०२४ मध्यें झालेल्या बोलण्यांत शेंकडा ३४ वाढ ठरली, आणि दर टनाला साडेतीनशें रुपयांच्या वर गेला. एक चांगला कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोन माणसांच्या पहांटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे सातशें रुपयांच्या आसपास पडतात, तेंहि हंगामाचे चार-पांच महिने, आणि तेहि घेतलेली उचल फिटेपर्यंत हातांत येत नाहींत. पाऊस लांबला, कारखाना उशिरां पेटला, यंत्रानें तोडणी सुरूं झाली, बैल पडला, कोणाचा हात कापला: यांतलें कांहींहि घडलें तरी दोघांची मिळकत एकाच दिवशीं थांबते. एका मजुरीला ठेंच लागली तर दुसरीनें सांवरावें, ही जी सोय जुन्या सालगड्याच्या झोंपडींत होती, ती येथें उरलेली नाहीं.

एप्रिल २०२० मध्यें हें सर्वांच्या डोळ्यांसमोर आलें. टाळेबंदीमुळें कोयते पश्चिम महाराष्ट्रांतल्या फडांवर व कारखान्यांच्या आवारांत अडकून पडले. त्यांना घरीं परतण्याची परवानगी एप्रिलच्या उत्तरार्धांत मिळाली. त्याच वेळीं राज्य सरकारनें मार्च महिन्याचे पगार टप्प्याटप्प्यानें देण्याचें ठरविलें, आणि दोन पगारांच्या घरांत दोन्ही पगार एकदमच अर्धवट आले. रीत एक असली म्हणजे संकटहि एकदमच येतें, हें त्या घरांनींहि पाहिलें. पण तेथें राहिलेला भाग पुढें मिळाला. फडावर राहिलेल्या दिवसांची मजुरी कोणी पुढें दिली नाहीं.

ह्या विषयांतली आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे. आम्ही आतांपर्यंत असें बोलत आलों कीं आधीं लग्नें होतात आणि मग त्यांतून मिळकतींची बेरीज होते. वस्तुस्थिति उलटी आहे. दोन्ही टोंकांना वेतनाची रीतच लग्न लावून देते. वरच्या टोंकाला वेतनश्रेणी पाहून स्थळ ठरतें. खालच्या टोंकाला कोयता पुरा व्हावा म्हणून मुलाचें लग्न हंगामापूर्वीं उरकतात. वयांत येत असलेली मुलगी तांड्यावर वा गांवांत मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ह्या भीतीनें तिचेंहि उरकतात. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, २० ते २४ वर्षांच्या ज्या स्त्रियांचें लग्न अठराव्या वर्षाच्या आंत झालें त्यांचें प्रमाण सबंध महाराष्ट्रांत शेंकडा २२ च्या जवळपास निघालें. बीड जिल्ह्यांत तें शेंकडा ४३ च्या वर होतें. ह्या आंकड्याचें सगळें कारण ऊसतोड आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या धंद्यांत एकट्या माणसाला ‘अर्धा’ म्हणतात, त्या धंद्याचा आणि कोंवळ्या वयांतल्या लग्नांचा कांहींच संबंध नसेल, असें मानावयासहि आमचें मन धजत नाहीं. खाड्याच्या दंडाच्या भीतीनें स्त्रीच्या शरीराचें काय होतें, तें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१९ च्या पाहणींत दिसून आलें: बीड जिल्ह्यांतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें होतें.

हीं दोन्ही जोडपीं जेव्हां आईबाप होतात, तेव्हां अंतर आणखी एका पिढीवर सरकतें. दोन पगारांच्या घरचा मुलगा दहावीनंतर लातूर किंवा नांदेड येथें खोली घेऊन शिकवणीला राहतो. कोयत्याच्या घरचा मुलगा आईबापांबरोबर फडावर जातो, कीं गांवांत हंगामी वसतिगृहांत किंवा आजीपाशीं राहतो, हें दर वर्षीं नव्यानें ठरतें. पुढें त्या दोघांचीं लग्नें कोणत्या घरांत होतील, हें सांगण्यास ज्योतिषी लागत नाहीं.

हें ऐकल्यावर कित्येक सद्गृहस्थ एक उपाय चटकन् सुचवितात. एका घरांत दोन नोकऱ्या नकोत. नवऱ्याला नोकरी असेल तर बायकोची जागा दुसऱ्या गरजू घराला द्यावी. पारावरच्या गप्पांत आणि वर्तमानपत्रांना येणाऱ्या पत्रांतहि हा विचार अधूनमधून डोकावतो. तो नवीन नाहीं, आणि करूनहि पाहिलेला आहे. मोठ्या मंदीच्या काळांत, १९३२ सालीं, अमेरिकेच्या संघ सरकारनें काटकसरीच्या कायद्यांत असें कलम घातलें कीं नोकरकपात करावयाची झाल्यास ज्याचा जोडीदारहि सरकारी नोकरींत आहे त्याला आधीं काढावें. कलमांत स्त्रीचा उल्लेख नव्हता. पण दोघांपैकीं पगार कमी तो बहुधा बायकोचा, म्हणून घरीं बसल्या त्या बहुतेक बायकाच. १९३७ सालीं तें कलम रद्द करावें लागलें. इंग्लंडांतहि मुलकी नोकरींतल्या स्त्रीनें लग्न केलें म्हणजे राजीनामा द्यावा हा दंडक १९४६ पर्यंत टिकून होता. अशा उपायानें वहींतलें अंतर कदाचित् थोडें कमी होईल, कारण आपण पुन्हां वाड्यांतल्या जुन्या हिशेबावर, ४० विरुद्ध १८ वर, जाऊन पोंचूं. तो हिशेब बायकोला उंबऱ्याआंत कोंडून जुळविलेला होता. त्या वाटेनें परत जाण्यास आम्ही तयार नाहीं.

आमच्या मतें दुरुस्ती खालच्या टोंकाला व्हावयास पाहिजे, आणि तिचा आरंभ वहीपासून व्हावा. कोयत्यांतल्या बायकोची मजुरी तिच्या नांवानें वेगळी लिहिली गेली आणि तिच्या हातांत पडली, तर त्या घराची एकंदर बेरीज लगेच बदलणार नाहीं, हें उघड आहे. पण तिची मजुरी किती, हें तरी दिसूं लागेल; एकटीला काम मागतां येईल; आणि नवऱ्याच्या मागें तिला अर्धा कोयता म्हणून मुकादमापुढें उभें राहावें लागणार नाहीं. हमी योजनेच्या हजेरीपटावर पन्नास वर्षांपूर्वीं बायकोचें नांव वेगळ्या ओळींत लिहितां आलें. मग साखरेच्या फडावर तें कां लिहितां येऊं नये? ऊसतोड कामगारांसाठीं कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे. ओळखपत्रांचीं कामेंहि निघालीं. ओळखपत्र दोघांना वेगळें मिळतें, आणि मजुरी मात्र एकच राहते, ही विसंगति त्या महामंडळाच्या नजरेस कोणी आणून द्यावी.

राहिला प्रश्न पैशाचा. वर सांगितलेला व्यवसाय कर अजून चालू आहे. त्याची कमाल मर्यादा राज्यघटनेंतच घातलेली आहे. ती १९८८ सालीं साठाव्या घटनादुरुस्तीनें वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० रुपयांवर नेली. तेव्हांपासून पांचवा, सहावा आणि सातवा असे तीन वेतन आयोग आले. मर्यादा जेथल्या तेथें आहे. कर माणसावर आहे, घरावर नाहीं. त्यामुळें दुष्काळानंतर मजुरांच्या जोडप्याला काम मिळावें म्हणून ज्या पगारदारांपासून हा पैसा गोळा करावयास प्रारंभ झाला, त्यांच्या दोन पगारांच्या घराकडून आज ह्या करापोटीं वर्षाकांठीं फार तर ५,००० रुपये जातात.